वावर पाखरांना द्यायचं असेल तर: खानदेशातल्या शेतजमिनीवर निसर्गराखीव उभं करण्याची वाट

विहिरीला पाणी राहिलं नाही, रानडुकरं आणि नीलगाई पीक हाती लागू देत नाहीत, मुलं पुण्या-नाशिकला नोकरीला लागली, आणि डोंगराच्या पायथ्याचं दहा-वीस एकर मुरमाड वावर काही वर्षांपासून पडून आहे. खानदेशात अशी शेतं पुष्कळ आहेत. त्यांच्या मालकांपैकी काहींच्या मनात हल्ली एक विचार येतो. हे वावर जनावरांना आणि पाखरांना देऊन टाकलं, आणि ते बघायला येणाऱ्या पाहुण्यांकडून खर्च निघाला तर? हा लेख त्यांच्यासाठी आहे. बाहेरून येऊन इथे जमीन घेऊ पाहणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल, मात्र त्यांनी कागदपत्रांचा भाग दोनदा वाचावा.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. बहुतेक जण झाडं लावण्यापासून आणि खोल्या बांधण्यापासून सुरुवात करतात. खानदेशात हा क्रम उलटा हवा. आधी गवत, मग झाड. आधी शेजारी, मग पाहुणा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

कोणती जमीन द्यावी

तापीकाठची काळीभोर, केळी-कापसाची जमीन या कामाला देऊ नका. ती पिकते आणि पिकू द्यावी. या कामाला योग्य जमीन म्हणजे सातपुड्याच्या किंवा अजिंठा-सातमाळ्याच्या पायथ्याचा मुरमाड उतार, नाल्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा, तापी-पूर्णेकाठची घळींनी चिरलेली जमीन, किंवा वनहद्दीला लागून असलेली वावरं. पीक घ्यायला जी जमीन सगळ्यांत त्रास देते, तीच बहुधा वन्यजीवांना सगळ्यांत जास्त हवी असते.

त्यानंतर नकाशा उघडा. जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्य आहे, धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात अनेर डॅम अभयारण्य, चाळीसगावच्या अंगाला गौताळा-औट्रमघाट, आणि मुक्ताईनगरकडे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव, जिथे वाघाचा वावर आहे. यांपैकी एखाद्या जंगलापासून तुमच्या वावरापर्यंत नाला, गायरान, पडीक बांध अशी काही सलग वाट आहे का ते पाहा. वाट असेल तर पाच एकरांचंही मोल मोठं आहे. चारही बाजूंना केळीबागा आणि डांबरी रस्ता असेल तर मोठी जनावरं येणार नाहीत. अशा ठिकाणी पाखरं, फुलपाखरं आणि सरपटणारे जीव एवढ्यावर आखणी करा. तीही उत्तम होऊ शकते.

इथे कोणतं जंगल येईल याचाही अंदाज आधीच बांधायला हवा. कर्नाटकात कोडगूमध्ये १९९१ पासून एका दांपत्याने कॉफी-वेलदोड्याच्या जुन्या जमिनी विकत घेऊन खासगी अभयारण्य उभं केलं. त्याची छायाचित्रं पाहून अनेकांना हुरूप येतो. पण तिथला पाऊस वेगळा. आपल्या मैदानात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. इथलं मूळ रान म्हणजे गवत, हिवर-बाभळी-बोरींची झुडपं, आणि उतारावर अंजन, सालई, धावडा, पळस. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, ससा, साळिंदर, तितर, लावा, चंडोल, पखुर्डी, धाविक हे सगळे याच उघड्या रानाचे रहिवासी. दाट झाडी करून टाकली तर यातले बरेचसे निघून जातात.

पहिलं वर्ष फक्त बघण्याचं

कुदळ मारण्याआधी एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा वावर नीट बघा. वही ठेवा. पहिल्या पावसात पाणी कुठून उतरतं, कुठे थांबतं, कुठे माती खरवडून नेतं ते चितारून ठेवा. सकाळी लवकर पायवाटेच्या मऊ मातीत ठसे दिसतात. लेंड्या, साळिंदराचे काटे, घोरपडीची शेपटी ओढल्याची रेघ, सगळं टिपा. पाखरांच्या नोंदींसाठी ई-बर्ड आणि बाकी जीवांसाठी आयनॅचरलिस्ट ही मोफत ॲप्स चांगली आहेत. पुढे पाहुणे बोलवायचे झाले की याच नोंदी तुमची ओळख ठरतात.

एक बारकावा सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाला उघड्या मुरमावर टिटवी ओरडत तुमच्या अंगावर येत असेल तर जागीच थांबा आणि पायाखाली बघा. खड्यांच्या किंचित खळगीत चार अंडी असतील, टोकं आत वळलेली, मुरमाच्याच रंगाची, ठिपकेदार. घरटं म्हणावं असं तिथे काहीच नसतं. नुसतं 'ओसाड' दिसतं म्हणून जिथे आपण ट्रॅक्टर फिरवतो किंवा खड्डे खणतो, ती जागा बरेचदा अशी असते. म्हणून एक वर्ष थांबायचं.

कागद: इथे घाई केली तर सगळं अडतं

सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढा. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते तपासा. वर्ग २ असेल तर हस्तांतरणावर आणि वापरावर अटी असतात. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा. शेजाऱ्याशी पुढे होणारे निम्मे वाद या एका कामाने टळतात.

बाहेरून येणाऱ्यांनी तीन कायदे लक्षात ठेवावेत. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, साक्री-शिरपूर आणि चोपडा-यावल-रावेर तालुक्यांतला काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा. एखादा दलाल 'करून देतो' म्हणाला तरी अशा जमिनीच्या वाटेला जाऊ नका. ती त्या माणसांची आहे, आणि तुमच्या रानाची सुरुवात कुणाच्या तरी अन्यायावर होऊ नये. तिसरा कायदा कमाल जमीनधारणेचा. एका कुटुंबाला कोरडवाहू ५४ एकरांपर्यंत आणि बारमाही ओलिताची १८ एकरांपर्यंतच जमीन ठेवता येते. म्हणजे शेकडो एकरांचं रान एकट्याच्या नावावर उभं राहू शकत नाही. मोठं रान हवं असेल तर अनेक शेतकरी एकत्र येण्याला पर्यायच नाही.

दरवर्षी ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकांच्या सरकारी नोंदीत, गवत आणि झाडांची नोंद करत जा. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं 'पड' असा शेरा साचू देऊ नका. आणि फाटकावर 'अभयारण्य' अशी पाटी लावू नका. अभयारण्य जाहीर करण्याचा अधिकार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे शासनाचा आहे. खासगी जमिनीला कायद्याचं छत्र मिळण्याची वाट वेगळी आहे, ती शेवटी येईल.

शेजारी

तुम्ही वावर मोकळं सोडलं की पहिला प्रश्न बांधावरून येईल: "वावर पड काबर टाकं, भाऊ?" (पडीक का टाकलं?) या प्रश्नाला नीट उत्तर द्यायची तयारी हवी. शेजाऱ्याची भीती खरी आहे. तुमच्या गवतात डुकरं थांबतील आणि रात्री त्याच्या मक्यात शिरतील. बिबट्या आला तर त्याच्या गोठ्यातलं वासरू जाईल. या भीतीला 'निसर्ग वाचवायचा आहे' एवढं उत्तर पुरत नाही.

काम सुरू करण्याआधी लगतच्या प्रत्येक घरी जा. वडीलधाऱ्या जिभाऊंशी, बापूंशी ओट्यावर बसून बोला, आणि घरातल्या बायकांशीही बोला, कारण चारा आणि सरपण आणणाऱ्या त्याच. त्यांना तुम्ही काय देऊ शकता ते ठरवून जा. माझ्या मते तीन गोष्टी हमखास उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट चारा. दिवाळीनंतर गवताचं बी झडलं की ठरलेल्या पट्ट्यांत गवत कापून नेण्याचा पहिला हक्क लगतच्या शेतकऱ्यांचा. दुष्काळी साली याचं मोल पैशापेक्षा जास्त असतं.

दुसरी, नुकसानभरपाईचा पाठपुरावा. रानडुक्कर, नीलगाय यांनी केलेल्या पीकनुकसानीला आणि बिबट्याने मारलेल्या जनावराला शासन भरपाई देतं. पण वेळेत अर्ज आणि पंचनामा झाला नाही तर हातात काही पडत नाही. अर्जाचे नमुने तुमच्याकडे ठेवा, फोटो काढायला स्वतः जा, वनपालाला लगेच फोन लावा. वनविभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक गावातल्या प्रत्येकाला पाठ हवा. हे काम निष्ठेने केलं तर शेजारी तुमच्या रानाचा पहिला राखणदार होतो.

तिसरी, रोजगार. आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो. रानाच्या राखणीसाठीही आखाजीलाच गावातला माणूस सालाने ठेवा. ज्याला रात्री रानात फिरायची सवय आहे, ज्याला ससा-तितराच्या वाटा ठाऊक आहेत, असा माणूस शोधा. कधीकाळी शिकारीला जाणारा माणूस बरेचदा उत्तम वाटाड्या होतो.

चराईचा विषय नाजूक आहे. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या वाटांनी फिरतात. तुमचं वावर त्यांच्या वाटेवर असेल तर तारेचं कुंपण घालून वाट तोडू नका. पहिली दोन-तीन वर्षं गवत सावरेपर्यंत चराईबंदी लागते, हे खरं. पण ती बोलून ठरवा, आणि वाटेपुरता पट्टा मोकळा ठेवा. लांडगा मेंढरांच्या कळपामागे राहतो. ठेलारी गेले तर लांडगाही जाईल.

हे सगळं कागदावर अवघड वाटतं, पण आपल्याच भागात ते घडलेलं आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी चैत्राम पवारांच्या पुढाकाराने उजाड झालेलं सुमारे ११०० एकर जंगल स्वतःचे नियम करून, स्वतः दंड ठरवून पुन्हा उभं केलं. चैत्राम पवारांना त्यासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. जाऊन बघा. तिथे कुंपण शोधू नका, नियम कसे ठरले आणि मोडणाऱ्याचं काय केलं, हे विचारा.

शेतजमिनीचं उदाहरण हवं असेल तर नागपूर जिल्ह्यात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला गोठणगाव आहे. जनावरांमुळे पीक परवडत नव्हतं अशा शेतकऱ्यांनी वावरं एकत्र करून निसर्गाला सोडली. मालकी त्यांचीच राहिली. असा गट करायचा असेल तर शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था स्थापन करा, करार नोंदणीकृत करा, आणि कूळकायद्याची जाण असलेला वकील गाठा. जमीन दिल्याने मालकी जाईल ही भीती करारातल्या स्पष्ट शब्दांनीच जाते.

जमीन साफ करणं

बाग किंवा कापूस काढलेल्या वावरात आधी प्लास्टिक गोळा करा. ठिबकच्या तुटक्या नळ्या, मल्चिंग पेपरच्या चिंध्या, केळीच्या घडांवरच्या पिशव्या, कीटकनाशकांचे रिकामे डबे, सुतळ्या, जुन्या तारा. हे काम कंटाळवाणं आहे आणि वर्षभर पुरतं. वरचा थर उचलला तरी पहिल्या पावसाने माती वाहिली की खालून आणखी चिंध्या वर येतात. पुन्हा उचलायच्या. चरणाऱ्या जनावराच्या पोटात हेच जातं.

उघडी विहीर हे रानातलं सगळ्यांत मोठं मरण. रात्री पळणारा कोल्हा, तरस, बिबट्या जमिनीच्या पातळीवरच्या विहिरीत पडतो. पाहुण्यांसाठी एक रुपया खर्च करण्याआधी तुमच्या आणि शेजाऱ्यांच्याही विहिरींना कठडा बांधा किंवा जाळी टाका. प्लास्टिक अस्तराचं शेततळंही तसंच धोक्याचं. अस्तर गुळगुळीत असतं. पाणी प्यायला उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही. चारही कोपऱ्यांत दोरीची जाळी किंवा काथ्याच्या पट्ट्या पाण्यापर्यंत सोडा, आणि त्या कुजल्या की बदला.

काटेरी तारेचं कुंपण असेल तर काढा. रात्री उडणारी घुबडं आणि पळणारी चिंकारं त्यात अडकतात. हद्द दाखवायला दगडी बांध, निवडुंग, सागरगोटा, करवंद यांचं जिवंत कुंपण पुरतं. कुंपणात थेट वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मरतात.

गवत

या लेखातला माझा सगळ्यांत आवडता भाग हाच.

नांगरणं थांबवलं की पहिल्या पावसाळ्यात वावरात गाजरगवत, तरोटा, माठ, काटेमाठ असं सगळं माजतं. गावातले लोक हसतील. गाजरगवत फुलावर येण्याआधी ओल्या मातीतून मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कारण अंगावर पुरळ उठतो. तणनाशक मारू नका. त्याने येणारं गवतही जातं. तरोटा तसाच राहू द्या, तो काही वर्षांत मागे पडतो.

मग कुसळी येते. कुसळी आली की गवताळ रानाकडे वाटचाल सुरू झाली असं समजा. पण ती गुरांना पिकल्यावर नको असते आणि एकटीच माजली तर पुढचं अडून बसतं. इथे आपण मदत करायची. काळसर जमिनीसाठी मारवेल, मुरमाड उतारासाठी पवन्या आणि डोंगरी गवत. बियाणं विकत मिळतं, पण आपल्याच शिवारातलं उत्तम. जुने बांध, गायरानाचे कोपरे, देवस्थानाची मोकळी जागा इथे ही गवतं अजून तग धरून आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुरे पिवळे पडले की मुठीने ओरबाडून बी गोळा करा. सहज हाताला सुटून आलं तर तयार, ओढावं लागलं तर आठवडाभर थांबा. सावलीत वाळवून गोणपाटात ठेवा. पावसाच्या तोंडाला बारीक माती आणि शेणखतात मिसळून फेका. गवताचं बी खोल गाडलं तर उगवत नाही. नुसतं वर फेकून काट्याची फांदी हलकेच ओढली की पुरे.

रोशा गवताला विसरू नका. खानदेशात रोशा तेल गाळण्याचा जुना धंदा होता, ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे. उतारावर रोशा लावला तर माती धरून राहते आणि तेलाला आजही बाजार आहे. रान आणि उत्पन्न यांचं जमणारं असं पीक थोडंच.

सगळं गवत एकदम कधीच कापू नका. रानाचे तीन भाग करा, दरवर्षी एकच भाग कापा. हिवाळ्यात पाहुणे येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी उभ्या गवतात जमिनीवर रात्र काढतात. चंडोल आणि तितर गवताच्या बुडाशी घरटी करतात. आणि फेब्रुवारी उजाडण्याआधी हद्दीवर जाळरेषा काढा, म्हणजे आग अडवणारा, गवत काढलेला पट्टा. बांधावर पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) पेटवण्याची पद्धत आहे. तिथून आलेली एक ठिणगी तीन वर्षांचं काम तासाभरात नेते. जाळरेषा शेजाऱ्यांना सोबत घेऊनच काढा.

पाणी

उतारावर समतल चर, घळीत दगडांचे छोटे बांध, एवढंच आधी करा. काळ्या चिकण जमिनीत चर खणू नका. पाणी साचून माती फुटते. जेसीबीने नाला सरळ करण्याचा मोह तर अगदी टाळा. नाल्याची वळणं, त्यातले डोह, काठची निरगुडी आणि करंज हाच खरा पाणीसाठा.

उन्हाळ्यासाठी एक-दोन पाणवठे पुरतात. बशीसारखा उथळ उतार, मध्यभागीही फूटभरापेक्षा जास्त खोल नको, आणि कडेला खडबडीत दगड, म्हणजे मधमाशीपासून मोरापर्यंत सगळ्यांना पाय टेकता येतो. पाणवठा जिथे असतो तिथे शिकारी माणूसही येतो. पाण्यात युरिया किंवा कीटकनाशक टाकून जनावरं मारली जातात. म्हणून रोज सकाळी राखणदाराने पाणवठ्याला फेरी मारायची, आणि शंका आली तर पाणी उपसून नव्याने भरायचं. रानात क्लचवायरचे फासे सापडले तर फोटो काढून वनविभागाला कळवा. मेलेल्या जनावराला हात लावू नका.

झाडं

झाडांबद्दल थोडक्यातच, कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बरीचशी आपोआप येतात. पाखरं बोर आणि कडुनिंब आणतात, पळसाचे जुने खुंट फुटतात. तुम्ही लावायची ती नाल्याकाठी उंबर, करंज, अर्जुनसादडा, बांधावर हिवर, उतारावर अंजन, मोह, चारोळी, टेंभुर्णी. एकरी दहा-पंधरा पुरेत. निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प नको. वेडी बाभूळ आणि घाणेरी असेल तर टप्प्याटप्प्याने काढा. एकदम काढली तर तिच्या आश्रयाने राहणारे जीव उघडे पडतात.

जुनं, ढोलीचं झाड वाळलं तरी तोडू नका. रानपिंगळा हा छोटा घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलाच नव्हता. जग तो संपला असं धरून चाललं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो पुन्हा सापडला, आपल्या शहाद्याजवळ. ११३ वर्षांनी. तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि विरळ, कोरड्या सागवानी रानात दिवसाढवळ्या शिकार करतो. सातपुड्याच्या पायथ्याला तुमचं वावर असेल तर तुमच्या बांधावरची ढोली त्याच्या कामाची असू शकते. ही गोष्ट साऱ्या खानदेशाने छाती फुगवून सांगावी अशी आहे.

जनावरं आणायची नाहीत

कुठूनही हरण, मोर, ससा आणून सोडू नका. वन्यप्राणी पकडणं, बाळगणं हा गुन्हा आहे. गावात पकडलेले साप तुमच्या रानात सोडायला लोक आणतील, त्यांनाही नम्रपणे नाही म्हणा. अनोळखी जागी सोडलेला साप बहुधा जगत नाही. खायला घालणंही नाही. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त मात्र लागेल. चिंकाऱ्याची पाडसं आणि जमिनीवरची घरटी सगळ्यांत जास्त तीच संपवतात. पंचायतीला सोबत घेऊन निर्बीजीकरण आणि उकिरड्यांची सफाई, हाच टिकणारा उपाय.

पाहुणे कधी आणि कसे

चौथ्या वर्षाआधी नको. आणि एकट्या पर्यटनावर जगण्याचा हिशेब तर कधीच नको. केनियात मसाई माराच्या कडेला २००६ मध्ये ओलारे ओरोक हे राखीव झालं. मसाई जमीनमालक जमीन पर्यटन कंपन्यांना भाड्याने देतात आणि पाहुणे कमी आले तरी ठरलेलं भाडं मिळावं अशी करारात सोय केली. जगभर याची वाखाणणी झाली. तरीही २०२० मध्ये कोविडने पर्यटन थांबलं तेव्हा तिथल्या अशा राखीवांच्या भाड्यांवर ताण आलाच. त्यातून दोन धडे घ्या. जमीन देणाऱ्याचं उत्पन्न पाहुण्यांच्या संख्येवर टांगू नका. आणि गवत, रोशा, सीताफळ, मध अशी दुसरी कमाई चालू ठेवा. भारी जमिनीचा तुकडा असेल तर तिथे शेती करत राहा.

आपल्याकडे पाहुणे येण्याचा मार्ग आधीच आहे. अजिंठा लेणी पाहायला येणारे जळगावात मुक्काम करतात. भुसावळ मोठं जंक्शन आहे. हतनूर धरणावर हिवाळ्यात पाणपक्षी पाहायला लोक येतात. पाटणादेवी, तोरणमाळ, उनपदेव इथेही वर्दळ असते. त्यांना एका सकाळीसाठी तुमच्या गवताळ रानात वळवायचं. गवताळ रान कोण बघायला येतं, अशी शंका असेल तर पुणे वनविभागाने इंदापूर-बारामतीकडे सुरू केलेली गवताळ प्रदेशाची सफारी बघून या. लांडगा, खोकड आणि चिंकारा बघायला लोक पैसे देतात.

सुरुवात शाळांच्या सहलींनी करा. त्यात खर्च कमी, आणि मुलं घरी जाऊन आई-बापांना आणतात. त्यानंतर पक्षी-छायाचित्रकार. पाणवठ्यापासून योग्य अंतरावर तुराट्यांचा आडोसा बांधला की ते सकाळभर शांत बसतात आणि चांगला दर देतात. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये बंद ठेवा. तेव्हा पाणी थोडं असतं आणि त्यावर पहिला हक्क जनावरांचा.

मुक्कामासाठी जुनं खळ्यातलं घर दुरुस्त करा. नवं बांधायचंच तर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं बांधा. जाड मातीच्या भिंती आणि मातीचं धाबं इथल्या उन्हात सिमेंटच्या खोलीपेक्षा कितीतरी सुखाचं असतं, आणि पाहुण्याला खानदेश तिथेच भेटतो. बांधकामाआधी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. खोल्यांच्या संख्येला त्यात मर्यादा आहे, आणि ती मर्यादा रानाच्याही हिताची आहे. दोन-तीन खोल्यांच्या पुढे मी तरी जाणार नाही.

जेवण गावातल्या बायकांकडून येऊ द्या. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, फुणके, पावसाळ्यात रानभाज्या. ताटामागे ठरलेली रक्कम थेट त्यांच्या हातात, त्याच दिवशी.

नियम आल्याआल्या सांगा आणि पाळून घ्या. पायवाट सोडायची नाही. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही, रानपिंगळ्याच्या भागात तर मुळीच नाही. घरट्याचे फोटो नाहीत. ड्रोन नाही. रात्री बाहेरचे दिवे नाहीत, गाणी नाहीत. लग्नाआधीचे फोटो काढायला आणि वाढदिवस साजरे करायला लोक विचारतील, पैसेही जास्त देतील. त्यांना नाही म्हणा. लांडग्याची गुहा किंवा तरसाची जागा कुणालाही सांगू नका, समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकताना ठिकाण काढून टाका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. पाहुण्यांना रात्री बॅटरी आणि घोट्याच्या वरचे बूट सक्तीचे, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं ते राखणदाराला ठाऊक हवं.

जमाखर्च गटासमोर उघडा मांडा. आधी राखणदाराचा पगार, मग जमीन देणाऱ्यांचं भाडं, मग जाळरेषा, विहिरींचे कठडे आणि पाणवठे, मग गावासाठी ठरलेला वाटा. उरलं तर तुमचं.

कायद्याचं छत्र

चार-पाच वर्षांत रान उभं राहिलं, गाव सोबत आलं, की पुढचा विचार करा. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'सामुदायिक राखीव' ही तरतूद आली. व्यक्तीने किंवा समाजाने स्वतःहून वन्यजीवांसाठी राखलेली खासगी किंवा सामूहिक जमीन राज्य शासन असं राखीव म्हणून जाहीर करू शकतं. मालकी जात नाही. व्यवस्थापन समितीत जमीनमालक, वनविभाग आणि पंचायत यांचे प्रतिनिधी असतात. अर्जाआधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून लोक जैवविविधता नोंदवहीत तुमच्या रानातल्या नोंदी चढवून घ्या. पहिल्या वर्षापासून भरलेली तुमची वही इथे कामी येते. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि उपवनसंरक्षकांकडे प्रस्ताव द्या.

मात्र त्याआधी घरात बसून बोला. भाऊ, बहिणी, मुलं, सुना, सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत आणि उद्या लागणार आहेत, त्या सगळ्यांची लेखी संमती घ्या. अधिसूचना निघाल्यावर तिथे पुन्हा कापूस लावायचा किंवा प्लॉट पाडायचे म्हटलं तरी समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी लागते, आणि ती अट पुढच्या पिढीलाही लागू राहते.